म्हशीची पाठ

"तंबाकूच्या वखारीत बसून माशाचा वास येतोय म्हणं ह्येस्नी! हितं कुत्रं आणून बांधलं तर आठ दिसांत त्येचं नाक मरंल. आणि ह्येंचं नाक बघा, पार माझ्या लुगड्यापतोर पोचलंय."

गुणाबाई हे माझ्या कानाजवळ पुटपुटली. तोंडाला पदर गुंडाळलेला, हातात चाळण, डोळे खाली. दुरून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई कसलं तरी स्तोत्र म्हणतेय. तंबाखूचा भुकटा इतका उडत होता की माझ्याखेरीज कुणाला तिचा आवाजही गेला नसेल.

सकाळी आल्या आल्या चंद्रप्पानं तिला आमच्या रांगेतून उठवून दाराशी एकटं बसवलं होतं. मीही माझी चाळण उचलून तिच्या शेजारी जाऊन बसले. मला खोकला होता आणि दारात वारा होता. निदान कुणी विचारलं तर असं सांगायचं मी ठरवलं होतं.

चंद्रप्पा म्हणजे वखारीचे मालक गुंडाप्पा, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, त्यांचा पुतण्या. वखारीवर देखरेख त्याची. "बायकांची तक्रार हाय, माशाचा वास येतो," असं तो म्हणाला. बायका म्हणजे आम्हीच. आमच्यातल्या एकीनंही तक्रार केली नव्हती. करायचीच असती तर चंद्रप्पाच्या तपकिरीपासून सुरुवात करण्यासारखं पुष्कळ होतं.

खरं कारण वेगळं होतं. आदल्या दिवशी निपाणीचा बाजार करून येताना गुणाबाईनं रवळू लोहाराच्या भट्टीपुढं उभं राहून, चार माणसांच्या देखत, मोठ्यानं विचारलं होतं, "म्हशीच्या पाठीवर कडी बसवून देतोस काय रं, रवळू?" आणि रवळू हो म्हणाला होता. ही बातमी गुणाबाईच्या आधी आप्पांच्या वाड्यावर पोचली होती.

वेदगंगा आमच्या गावाला वळसा घालून जाते. त्या वळणावर, गुंडाप्पांच्या मळ्याच्या टोकाला, एक काळा खडक पात्रात घुसलेला आहे. डुंबणाऱ्या म्हशीसारखा दिसतो म्हणून त्याचं नाव म्हशीची पाठ. खडक आणि काठ यांच्या मधे एक अरुंद चर आहे, त्याला आम्ही नाळ म्हणतो. एरवी नाळेत घोट्याएवढं पाणी. लुगडं न खोचता बाई पलीकडं जाते. खडकाच्या पुढं मात्र डोह. डोहात वाम, आणि पावसाळ्यात नव्या पाण्याला तोंड देऊन उभे राहणारे मोठ्या खवल्यांचे मासे. जाळं टाकलं तर खडकात अडकून फाटतं. तिथं गळच टाकावा लागतो, तोही टोकाला उभं राहून, काठाकडं पाठ करून.

घात होतो तो त्या पाठमोरं उभं राहण्यानं. पाऊस आमच्याकडं पडायलाच पाहिजे असं नाही. तो वर घाटात पडतो. इकडं लख्ख ऊन, कुडांवर लुगडी वाळत घातलेली, आणि नदी फुगत येते. डोहाचं पाणी चढलेलं डोळ्यांना दिसत नाही. ते आधी नाळेत शिरतं, माणसाच्या मागच्या अंगानं. गळाकडं बघत उभ्या असलेल्या माणसाला जाग येते तोवर नाळ कमरेएवढी झालेली असते. तळाला शेवाळ, साबण चोळल्यासारखं. चांगले पोहणारेही तिथं वाचत नाहीत, कारण नाळ पोहू देतच नाही, ती दगडावर आपटते.

गेल्या श्रावणात गुणाबाईचा दीर भावकू तिथंच गेला. आता तिचा नवरा भरमू रोज त्याच टोकाला उभा राहत होता. दुसरं काय करणार? शेत म्हणजे अंगणाहून थोडं मोठं. पावसाळ्यात वखार निम्म्या बायकांना घरी बसवते. तेव्हा नदीकाठची चार घरं मासळीवरच भागवतात.

गुणाबाईचं म्हणणं साधं होतं. काठाच्या कातळात एक कडी, खडकावर एक कडी, मधे साखळी. पाणी आलं तर साखळी धरून बाहेर यायचं. आणि काठाच्या जांभळीला सुक्या भोपळ्यांची सांगड टांगायची, पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसली. कुणी वाहून चाललंच तर फेकायला.

लढाईचे दिवस होते, बाजारात नवं लोखंड मिळत नव्हतं. गुणाबाई घरोघर फिरली. कुणी दावणीची तुटकी साखळी दिली, कुणी मोटेची, कुणी झोपाळ्याची. एका म्हातारीनं पाळण्याची दिली. रवळूनं भट्टीवर सगळी जोडली आणि म्हणाला, "बैल, म्हस, पोर, सगळ्यांस्नी बांधून झालंय हिनं. आता भरमूला बांधू द्या."

पण खडक आप्पांचा. सरकारी दप्तरात नदी कुणाची आहे ते मला ठाऊक नाही. गावात मात्र तो खडक आप्पांच्या मळ्याला चिकटलेला म्हणून आप्पांचा. आणि आप्पांचं घर जैन, तेही नावापुरतं नव्हे. त्या घरात पाणी दुपदरी फडक्यातून गाळतात. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव मरू नयेत म्हणून ते फडकं उलटं धुऊन ते पाणी परत आडात सोडतात. वरून ओतायचं नाही, जीव आपटतील. कळशी पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि मग हलकेच कलती करायची. आप्पांच्या बायको चंपाबाई, सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं, हे काम कधी गड्याला देत नसत. मी त्यांना ते करताना पाहिलंय. निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं त्या ते करत.

भाद्रपदात त्यांच्या पर्वाच्या दिवसांत आप्पा नदीकाठच्या घरांना जोंधळे पाठवत, तेवढे दिवस मासे मारू नका म्हणून. जोंधळे घेतले जात. मासेही मारले जात, जरा लांब जाऊन. दोन्हीकडं हे माहीत होतं आणि दोन्हीकडं कुणाची तक्रार नव्हती.

पण आणखी एक गोष्ट होती, जी सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल चुलीपाशीसुद्धा कुणी बोलत नव्हतं.

आप्पा-आक्कांचा एकुलता एक मुलगा बाळगोंडा. गोरा, हसरा, लग्न ठरत आलेलं. भावकूच्या दोन पावसाळे आधी तो याच म्हशीच्या पाठीवरून वाहून गेला. बाळगोंडा तिथं मासे धरायला जात असे. भरमूनंच त्याला गळ टाकायला शिकवलं होतं. गांडूळ टोचणं त्याला जमत नसे, म्हणून तो पिठाची गोळी लावायचा. धरलेला मासा खायचा की नाही ते देव जाणे. बहुतेक वेळा भरमूच्या बुट्टीत टाकून जायचा. त्याला ती जागा आवडायची, एवढंच म्हणता येईल. वखारीत दिवस काढल्यावर कुणालाही ती आवडली असती.

भरमूनं त्याला खालच्या अंगाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मनगटाला गळाची दोरी गुंडाळलेली होती. काठावर गाव जमलं होतं, आम्ही बायकाही होतो. मळ्यातून आप्पा धावत येताना दिसले आणि भरमूनं विळ्यानं ती दोरी तोडून पाण्यात टाकली. आप्पांनी विचारलं, "काय झालं?" कुणी बोलेना. शेवटी भरमूच म्हणाला, "आंघुळीला गेलतं, आप्पा. पाय घसरला."

त्या एका वाक्याला सगळ्या गावानं खांदा दिला. दयेनं दिला, आणि थोडा भीतीनंही, कारण अर्धं गाव त्यांच्या वखारीवर जगत होतं. मग आप्पांनी मुलाच्या नावानं घाट बांधला. रुंद दगडी पायऱ्या, धरायला लोखंडी कठडा. आंघोळीला आलेलं कुणाचं पोर पुन्हा घसरू नये म्हणून. बांधला कुठं, तर आंघोळीच्या जागी, गुडघाभर संथ पाण्यात, जिथून आजवर साबणाच्या वडीखेरीज काही वाहून गेलेलं नाही. म्हशीची पाठ होती तशीच राहिली. मनापासून केलेलं काम, दगडही चांगला, आणि सगळं भलत्या ठिकाणी. त्यांना बरोबर ठिकाण सांगणार कोण?

वखारीतला तो दिवस संपल्यावर भरमू, गुणाबाई आणि रवळू आप्पांकडं गेले. मीही गेले, शेजारधर्म म्हणा, नाहीतर उत्सुकता म्हणा.

आप्पा सोप्यावर बसले होते. मळ्यातल्या उसाबद्दल चंद्रप्पाशी बोलत होते. आम्हाला बघून त्यांनी बोलणं थांबवलं नाही. ऊस संपला, तंबाखू झाला, निपाणीचा भाव झाला, आणि मग त्यांनी आमच्याकडं पाहिलं.

"आप्पा, खडकात दोन कड्या बसवायच्या हायत," भरमू टोपी चुरगाळत म्हणाला.

"कशापायी?"

"माणूस वाहून जाऊ न्हाय म्हणून."

"कंचा माणूस?"

आप्पांनीच सांगितलं, "मासं मारणारा. माझ्या खडकात कडी ठोकायची, तिला धरून तुम्ही रोज जीव घ्यायचा, आणि ती हिंसा कुणाच्या माथ्यावर? माझ्या."

गुणाबाई पुढं झाली. "आप्पा, मासं तर आमी मारतोयच. साखळी न्हाय म्हणून एक मासा कमी मरंना. मरतोय त्यो माणूस."

"मग जाऊ नगा की तिकडं," चंद्रप्पा म्हणाला. "कुणी आवतण धाडलंय काय नदीनं?"

"पावसाळ्यात घरी बसवतासा तवा धाडतीया ती," गुणाबाई म्हणाली.

"तोंड बघा हिचं! आगं, साखळीच धरायची हौस असंल तर घाटावर कठडा हाय की आप्पांनी बांधलेला. तिथं जाऊन लोंबकळा."

"घाटावर कोण मरतंय?"

हे तिच्या तोंडून निसटलं. आत स्वयंपाकघराकडं कळशीचा आवाज चालला होता तो थांबला.

"माझा पोरगा मेला," आप्पा म्हणाले.

गुणाबाईचं तोंड उघडं होतं. एक वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. भरमूला दिसलं, रवळूला दिसलं, आणि चंद्रप्पालाही दिसलं असावं, कारण तो एकदम जमिनीकडं बघू लागला. मी दाराकडं पाहिलं. दाराच्या फटीत आक्का उभ्या होत्या, ओला हात पदराला न पुसता तसाच धरून.

गुणाबाईनं तोंड मिटलं. "व्हय, आप्पा," ती म्हणाली.

आप्पा रागावले की कानडीत जात. ते उठले, आत जाता जाता म्हणाले, "ब्याड अंद्र ब्याड." नको म्हणजे नको, हे कळायला आमच्याकडं कुणाला कानडी शिकावी लागत नाही.

परतताना मी गुणाबाईला म्हटलं, "बोलली असतीस तर कड्या बसल्या असत्या."

"बसल्या असत्या, मालुआक्का. आणि दाराआड ती बाई खाली बसली असती ती उठली नसती. पोराचं मढं आईला दोनदा दावू व्हय मी?"

"मग भरमूचं काय?"

रस्त्यातला एक दगड तिनं पायानं जोरात उडवला.

त्यानंतर गाव बिघडलं. दुसऱ्याच दिवशी मळ्यातून खडकाकडं जाणारी वाट बाभळीच्या फांद्या टाकून बंद झाली. आता नदीकाठच्या लोकांना लांबून, चिखलातून वळसा घालून जावं लागे. गुणाबाईला वखारीतून काढलं. वाण्यानं तिला मीठ देताना तोंड फिरवलं. ज्यांनी साखळ्या दिल्या होत्या त्यातल्या दोघींनी रवळूकडं जाऊन आपापल्या परत मागितल्या. रवळू म्हणाला, "जोडल्यात त्या. तोडून पायजे आसंल तर भरमूचं हाडबी त्येच्याबरुबर देतो, न्या." तेव्हा त्या परत गेल्या.

आमची बाजू काही साधुसंतांची होती असं नाही. भरमूचा चुलतभाऊ ज्योतिबा एक दिवस ताडी पिऊन गेला आणि माशांची आतडी-खवलं बुट्टीभर नेऊन आप्पांच्या घाटावर ओतून आला. गुणाबाईला कळलं तशी ती केरसुणी आणि घागर घेऊन धावली. पायऱ्या धूत होती आणि ज्योतिबाला मोजून मापून शिव्या देत होती. "मेलेल्या पोराच्या नावाची पायरी ती! तुझ्या अंगात पानी हाय का ताडी?" नेमका तेव्हाच चंद्रप्पा तिथं आला. हातात केरसुणी, पायाशी आतडी, आणि ही बाई. त्याला जे दिसायचं होतं तेच दिसलं.

"घाण केलीस ती केलीस, आणि आता रांगोळीबी घालतीस व्हय गं?"

"मी धुतीया ती! डोळं फुटलं काय तुझं?"

"वास यायचा थांबला न्हाय तुझा अजून."

दुसऱ्या सकाळी जांभळीला टांगलेली भोपळ्यांची सांगड कुणीतरी कोयत्यानं चिरून ठेवलेली आढळली. एकेक भोपळा नीट दोन फाकी करून. करणारा सुगरण असावा.

आणि मग ते झालं. भरमू खडकावर होता. आकाश निळं, ऊन कडक. गुणाबाई भाकरी घेऊन निघाली होती. लांबच्या वाटेनं जायचा कंटाळा आला म्हणून ती मळ्यातूनच बाभळीच्या कुंपणाकडं गेली, आणि तिथून तिला नाळ दिसली. पांढरी, फेसाळ. भरमू टोकाला उभा, गळाकडं बघत. ती ओरडली. डोहाच्या आवाजात ऐकू जाईना. तिनं भाकरीचं गाठोडं त्याच्याकडं फेकलं. ते पाण्यात पडलेलं बघून तो वळला.

त्यानं उडी टाकली. पाय शेवाळावर सरकून दोन दगडांच्या मधे अडकला आणि घोटा मोडला. तेवढ्यात गुणाबाईनं कुंपणातली लांबात लांब फांदी उपसून त्याच्याकडं केली होती. बाभळीची फांदी, बोटभर काटे. भरमूनं ती दोन्ही हातांनी धरली. तिनं ओढलं. फांदी सोडावीशी त्याला नक्कीच वाटली असेल, पण सोडली नाही.

संध्याकाळी मी त्याच्या तळहातातले काटे सुईनं काढत बसले होते. घोट्याला रवळूनं फळ्या बांधल्या होत्या. भरमू कण्हत म्हणाला, "पाय बरा झाला की दुसरीकडं जाईन. घाटाखाली टाकीन गळ."

"तिथं बेडूक गावतील," गुणाबाई म्हणाली. "तुमी परत तिथंच जानार. भावकूबी म्हणला हुता, न्हाय जात म्हणून." मग ती रवळूकडं वळली. "उद्या. कुनाला इचारायचं न्हाय."

सकाळी रवळू घण, छिन्नी आणि शिसं वितळवायची कढई घेऊन नदीवर गेला. आम्ही बायका वखारीत जायच्या त्या तिकडं गेलो. एक सुट्टी झाली तर आमचं काय बिघडणार होतं ते नंतर बघू म्हटलं. रवळूनं काठाच्या कातळात भोक पाडलं, कडी बसवली, भोवती शिसं ओतलं. शिसं थंड झाल्यावर साखळीचं एक टोक अडकवलं आणि अंगाचा भार टाकून ओढून बघितलं. हललं नाही. मग तो दुसरं टोक घेऊन नाळ ओलांडायला निघाला, आणि तेवढ्यात आप्पा आले.

मागून चंद्रप्पा आणि दोन गडी, हातात काठ्या. आम्हाला वाटलं आता मारामारी होणार. पण आप्पांनी कुणाकडं पाहिलं नाही. धोतर वर धरून ते सरळ नाळेतून चालत गेले, खडकावर चढले, आणि रवळू जिथं भोक पाडणार होता तिथं मांडी घालून बसले.

"मार घण," ते म्हणाले. "माझ्या डोक्यावर मार आधी."

ते सत्याग्रहाचे दिवस होते. पण मालकानं मजुरांविरुद्ध केलेला सत्याग्रह मी पहिल्यांदाच बघत होते. कुणाला काय करावं सुचेना. रवळू घण खांद्यावर घेऊन उभा राहिला, मग घण खाली ठेवून त्यानं घाम पुसला. चंद्रप्पा मिशीत हसला. "बसा आता दिवसभर," तो आम्हाला म्हणाला. "आप्पा उपास करत्यात चार-चार दिवस. तुमचं कसं?"

बराच वेळ असाच गेला. एकमेकींना टोमणे मारून झाले, काठ्यावाल्या गड्यांना त्यांच्या बायकांवरून चिडवून झालं. ऊन चढलं.

गुणाबाईनं आधी पाहिलं. ती बोलता बोलता थांबली आणि नाळेकडं बघू लागली. पाण्याचा रंग बदलला होता. स्वच्छ पाणी तांबूस झालं होतं आणि त्यावर वाळकी पानं आणि काटक्या गिरक्या घेत येत होत्या. वरच्या डोंगरघाटातलं पाणी.

"आप्पा, या बाहीर!" भरमूची बायको म्हणून नव्हे, कुणाचीही लेक ओरडेल तशी ती ओरडली. "पानी येतंया!"

आप्पांनी पाहिलं. त्यांना कळलं नाही असं नाही. "तुमी घण-कड्या घेऊन जावा, मग येतो."

"जातो आप्पा, नेतो सगळं, या तुमी!" रवळू म्हणाला.

"कड्या आधी."

चंद्रप्पाचं हसू गेलं. तो नाळेत दोन पावलं गेला, पाय सरकला, मागं आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तेव्हा गुणाबाईनं लुगडं खोचलं, साखळीचं मोकळं टोक उचललं आणि नाळेत उतरली. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. ती खडकावर चढली आणि ते टोक तिनं आप्पांच्या मांडीजवळ ठेवलं.

"धरा, आप्पा. माझ्यासंगं चला."

"मासं मारणाऱ्यांची साखळी मी धरायची?"

"आमची म्हणून धरू नगा. लोखंड म्हणून धरा."

आप्पांचा आवाज खाली आला, पण आम्हाला काठावर ऐकू आला. "गुणा, माझा पोरगा ह्या नदीवर चांगल्या कामाला आलता. देवदर्शनाला जायाच्या आधी आंघूळ कराय आलता आणि गेला. मी हिला हात लावून वाचलो तर त्येला काय तोंड दाखवू? त्यो कुणाच्या साखळीला हात न लावता मेला."

गुणाबाई त्यांच्यापुढं उभी होती. पाणी चढत होतं. तिनं काठाकडं पाहिलं, आमच्या सगळ्यांकडं, आणि मग आप्पांकडं. मी मनात म्हटलं, बोल आता, बोल बाई. ती बोलली नाही. टोक तिथंच ठेवून ती साखळी धरत धरत परत आली. मधे एकदा गुडघ्यावर पडली. बाहेर आली तेव्हा कमरेपर्यंत भिजली होती आणि ओठ चावून रक्त आलं होतं.

चंद्रप्पानं तिचा दंड धरला. ज्या बाईला त्यानं वखारीतून काढलं होतं तिला तो हलक्या आवाजात विनवत होता. "सांग की त्यांस्नी. तुला ठावं हाय. सांग, गं!"

"तू सांग. तुझा चुलता हाय."

"मी कसं सांगू?"

"मग मी कशी सांगू?"

त्यानं आमच्याकडं पाहिलं. आम्ही नदीकडं पाहिलं. रवळूनं घण उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. एवढं गाव जमलं होतं, आणि एकाच्या तोंडून ते वाक्य निघेना.

बाभळीच्या कुंपणाकडं सळसळ झाली. आक्का येत होत्या. अनवाणी, पदर काट्यांत फाटलेला. कुंपण बाजूला करायला त्या थांबल्या नव्हत्या, त्यातूनच आल्या होत्या. बाळगोंडा गेल्यापासून त्या नदीवर आल्या नव्हत्या. आम्ही बाजूला झालो. त्या कडीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि एक हात त्यांनी साखळीवर ठेवला. आप्पा त्यांच्याकडं बघत होते. खडकाच्या कडेला पाणी लागलं होतं.

आक्कांचा आवाज कधी घराबाहेर ऐकू आला नव्हता. तो आज ऐकू आला, आणि तो मोठा नव्हता, पण पाण्याच्या वर गेला.

"अहो, त्यो आंघुळीला नव्हता आला. मासं धराय आलता. रोज येत हुता. त्येच्या धोतराला खवलं चिकटल्याली असायची, ती मी नखानं काढायची आणि मगच धोतर गड्याकडं धुवाय द्यायची. तुमास्नी कळू न्हाय म्हणून मी बोलले न्हाय, आणि मला कळू न्हाय म्हणून ही सगळी बोलली न्हाईत. माझा पोरगा मासं धरताना मेला, हितंच, तुमी बसलाय तितं. त्येच्या हाताला साखळी लागली असती तर त्येनं धरली असती. तुमी धरा."